गाण्याच्या वर्गाचं फॉल्स सिलिंग

गोव्यात फोंडा बाजारात पहिल्या मजल्यावर भाड्याने घेतलेला गाळा गाण्याच्या वर्गाला सगळ्या बाजूंनी सोयीचा होता, फक्त तिथे गाता येत नव्हतं. वर उघडी स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, रस्त्याकडे अख्खी काच. तानपुरा लावला की षड्ज चारी भिंतींना जाऊन परत यायचा, आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळून नुसता गलका व्हायचा. खिडक्या उघडाव्यात तर खालून बसचे हॉर्न. म्हणून एसी आणि आवाज शोषून घेणारं फॉल्स सिलिंग, म्हणजे स्लॅबखाली टांगलेलं दुसरं छत, असा बेत ठरला. असं काम करणारे फोंड्यात पुष्कळ आहेत. फोन केला की माणूस येतो, टेप लावतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि ‘बाई, कधी सुरू करू?’ म्हणून विचारतो.

आमचं तसं झालं नाही, ते गाळ्याच्या मालकांमुळे. 2025 च्या डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबात आग लागून 25 माणसं गेली, तेव्हापासून आमचे मालक धास्तावलेले आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आर्किटेक्टच्या सहीचा नकाशा आणि लावणार त्या मालाचे कागद हातात पडल्याशिवाय स्लॅबला एक भोक पाडायचं नाही. नुसतं सिलिंग टांगायला नकाशा कशाला, असं मिस्त्री दोनदा म्हणाला. मालक ढिम्म.

माझी भाची पणजीला आर्किटेक्ट आहे. तिला बोलावलं. तिने आल्या आल्या टेप लावला तो लांबी-रुंदीला नाही, उंचीला. फरशीपासून स्लॅबच्या बुडापर्यंत 3.1 मीटर आणि आडव्या बीमच्या बुडापर्यंत 2.7. मिस्त्रीचा बेत सरळ होता. सिलिंग बीमच्या खालून एका पातळीत न्यायचं, म्हणजे बीम दिसणार नाही आणि काम झटपट उरकेल. म्हणजे सिलिंग 2.6 मीटरच्या आसपास.

‘मावशी, हे बसतंही आणि बसत नाहीही,’ भाची म्हणाली. तिने आधार घेतला तो राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीचा. तिच्यात माणसांच्या वावराच्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर सांगितली आहे. खोली वातानुकूलित असेल तर एसीच्या डक्टच्या, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या, किंवा फॉल्स सिलिंगच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत 2.4 मीटर चालते. बीमच्या खालीही डोक्यावर 2.4 मीटर मोकळी हवी. एसी आहे म्हटलं तर मिस्त्रीचा बेत बसत होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीज गेली की खिडक्या उघडायच्या आणि तीच खोली बिनएसीची होते. भाचीने तोडगा काढला तो मला फार आवडला. बीम दिसू द्यायचे, त्यांना फक्त रंग द्यायचा, आणि सिलिंग दोन बीमांच्या मधल्या खणांत 2.78 मीटरवर टांगायचं. काम थोडं किचकट झालं, कारण प्रत्येक खणाला चारी बाजूंनी वेगळी पट्टी लागली. पण उंचीचा प्रश्न कायमचा मिटला आणि बीम उघडे राहिल्यामुळे खोली बुटकी वाटत नाही.

शाळेच्या वर्गाला हीच संहिता 3.6 मीटर उंची मागते. मी जरा घाबरलेच, कारण पाटीवर ‘संगीत विद्यालय’ लिहायचं मनात होतं. पण शैक्षणिक इमारत या गटात यायला निदान 20 विद्यार्थी एकत्र शिकत असावे लागतात. माझ्याकडे एका वेळी दहा-बारा. पाटी तशीच लागली.

इथे एक सांगायला हवं. गोव्याचे स्वतःचे बांधकाम नियम आहेत, 2010 चे जमीन विकास आणि इमारत बांधकाम विनियम. राष्ट्रीय संहिता हा देशभरासाठीचा नमुना म्हणा. सिलिंगचा माल, त्याचं टांगणं, त्याच्या वरच्या वायरी हे सगळं भाचीने संहितेतूनच काढलं, पण तेही एका जागी सापडलं नाही. उंची एका भागात, आग दुसऱ्या भागात, पंख्याचं तिसरीकडे. ‘फॉल्स सिलिंग’ नावाचं प्रकरण उघडून वाचायला बसाल तर हाती थोडंच लागेल.

मालाची निवड हा सगळ्यात वादाचा भाग. मिस्त्रीचा ओढा पीव्हीसी पट्ट्यांकडे होता. आमच्याकडच्या दमट हवेत त्या फुगत नाहीत, वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही आणि पडतातही स्वस्त. म्हणून गोव्यात घराघरांत, पडवीत, अगदी देवघरातसुद्धा त्या दिसतात. माझ्या चुलतदिरांनी जुन्या घराच्या लाकडी छताखाली त्याच लावल्यात. पण संहितेतलं वाक्य भाचीने वाचून दाखवलं, त्याचा अर्थ असा: फॉल्स सिलिंग, आणि ते टांगायला वापरलेलं सगळं सामान, न जळणाऱ्या पदार्थाचं असावं. पीव्हीसी तापलं की मऊ पडून खाली येतं आणि जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडतं, तो श्वासात गेला तर घसा आणि फुप्फुसं दोन्ही जातात. गाण्याच्या वर्गात तर नकोच.

त्या वाक्यातला ‘टांगायला वापरलेलं सगळं सामान’ हा तुकडा महत्त्वाचा. आमच्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी लाकडी बॅटनचा सांगाडा करून त्याला बोर्ड ठोकतात. मेस्ताला, म्हणजे सुताराला, ते सोपं जातं आणि लाकडाला खिळा कुठेही बसतो. वर जिप्समचा बोर्ड लावला म्हणजे सिलिंग आगीला टिकणारं झालं, असा समज असतो. पण सांगाडा लाकडाचा असेल तर आग वरून, वायरीतून लागते तेव्हा बोर्डच्या आधी सांगाडाच पेटतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चॅनल, ज्यांना सगळे जीआय चॅनल म्हणतात, तेच घ्यायचे.

राहिले दोन पर्याय, जिप्सम बोर्ड आणि मिनरल फायबरच्या सुट्या टाइल्स. जिप्समच्या खनिजात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघेपर्यंत मागचा भाग तापत नाही, म्हणून तो आगीत चांगला. पण बोर्ड एकदा सांधून, पुट्टी भरून, रंगवला की त्याच्या वर काय चाललंय ते कळायला मार्ग उरत नाही. आमच्या डोक्यावर गच्ची आहे. स्लॅब गळायला लागली तर जिप्समवर पिवळा डाग उमटेपर्यंत आतल्या सळ्या गंजायला लागलेल्या असतात. मिनरल फायबरच्या 600 बाय 600 मिलिमीटरच्या टाइल्स टी-आकाराच्या पट्ट्यांवर नुसत्या टेकवलेल्या असतात. हात लावून एक वर उचलली की स्लॅब समोर. आवाजही त्याच जास्त शोषतात. आम्ही त्या घेतल्या. दमट हवेत टाइलचा मध्य खाली झुकतो, म्हणून कमाल आर्द्रतेला टिकणाऱ्या घ्यायला भाचीने बजावलं. त्यासाठी खोक्यावर ‘आरएच’ आणि पुढे आकडा असतो, तो 90 च्या वर हवा.

आता दुकानातला प्रकार. मडगावच्या एका दुकानदाराने पत्रक पुढे सरकवलं आणि ‘क्लास वन’ या शब्दांवर बोट ठेवलं. ‘बाई, फायर रेटेड आहे, काळजीच नको.’ भाचीने तिथेच उलट तपासणी सुरू केली. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि तेव्हा कळलं की एका ‘फायर रेटेड’ मध्ये तीन वेगळ्या गोष्टी कोंबून विकल्या जातात. पहिली, पदार्थ मुळात जळतो की नाही. त्याची भारतीय चाचणी आयएस 3808. दुसरी, पृष्ठभागावरून ज्वाळा किती भराभर पसरते. क्लास 1 ते 4 ही वर्गवारी तिची, आणि पत्रकांवर बहुधा बीएस 476 भाग 7 ही ब्रिटिश चाचणी छापलेली असते. तिसरी, आगीत किती वेळ टिकतं, म्हणजे अर्धा तास, एक तास. ती एकट्या टाइलची नसतेच. टाइल, पट्ट्या, टांगण्या, वरची स्लॅब हे सगळं एकत्र भट्टीवर ठेवून ती मोजतात. क्लास वन म्हणजे ज्वाळा पसरायला हळू, एवढंच. ती वस्तू जळत नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. दुकानदाराने शेवटी कंपनीकडून चाचणीचे पूर्ण अहवाल मागवून दिले, आणि देताना म्हणाला की हे कागद आजवर कुणी मागितले नव्हते. त्यावर माझा विश्वास बसला.

ज्वाळा पसरण्यापुरतं बघितलं तर क्लास 1 चा माल कुठेही चालतो. क्लास 2 चा जिन्यात आणि कॉरिडॉरमध्ये चालत नाही, कारण माणसं पळणार तिथूनच. आमच्या गाळ्याबाहेरच्या अरुंद बोळात आधीच्या भाडेकरूने शोभेच्या प्लायच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. मालकांनी त्या आमच्या कामाबरोबरच काढून टाकल्या, स्वतःच्या खर्चाने. एवढा मोठा उदारपणा फोंड्यात मी पहिल्यांदा पाहिला.

टांगण्याचं काम सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम तिथे बसून राहिले. मुख्य पट्ट्या 1200 मिलिमीटरच्या अंतराने, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या 600 च्या अंतराने, हा हिशोब मिस्त्रीच्या हातात बसलेला. त्याचा मुलगा ड्रिल धरत होता. पहिल्या भोकातून पांढरट भुकटी पडली आणि ड्रिल सर्रकन आत गेला. मिस्त्री खालून ओरडला, ‘ते प्लास्टर, अजून आत घे.’ मग करडी भुकटी येऊ लागली, ड्रिलचा आवाज बदलला आणि मुलाच्या दंडाच्या शिरा दिसायला लागल्या. फास्टनर, म्हणजे टांगणी धरून ठेवणारा बोल्ट, काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे. प्लास्टरमध्ये रुतलेला फास्टनर काही महिने धरतो आणि मग प्लास्टरचा पापुद्रा घेऊन खाली येतो. लाकडी गुट्टी ठोकून तिला स्क्रू मारायची जुनी पद्धत भाचीने पहिल्याच दिवशी बाद केली होती. फास्टनर बसले, टांगण्या लागल्या, तेव्हा मिस्त्रीने मला खूश करायला एका टांगणीला दोन्ही हातांनी धरून पाय वर उचलले. टांगणी हलली नाही. त्याचं वजन साठ-पासष्ट किलो तरी असेल, आणि तिथे येणार होता जेमतेम दोन-चार टाइल्सचा भार.

भाची मात्र तिरक्या टांगण्या शोधत फिरत होती. वर पाइप आडवा आला की मिस्त्री तार वाकडी नेतो, मग ती पट्टीला बाजूला ओढत राहते. 2016 च्या भूकंप-मानकाच्या नकाशात गोवा तिसऱ्या क्षेत्रात होता, म्हणजे मध्यम धोक्याच्या. आपल्याकडे छोट्या गाळ्याच्या सिलिंगसाठी कुणी त्याचा विचार करत नाही. अमेरिकेत जिथे भूकंपाचा धोका जास्त तिथे असल्या सिलिंगला दोन भिंतींकडे पाऊण इंच फट सोडायला लावतात, म्हणजे इमारत हलली तरी पट्ट्या भिंतीवर आपटून निखळत नाहीत. कडेच्या पट्टीपासून 8 इंचांच्या आत टांगणी हवी, असाही त्यांचा दंडक आहे. भाचीने कडेच्या टांगण्यांचं हे माप आमच्याकडेही पाळायला लावलं. दोन-चार फास्टनर जास्त लागले. मिस्त्री कुरकुरला, मी चहा पाजला.

खरी खडाजंगी झाली ती वायरमनशी. संहिता म्हणते की फॉल्स सिलिंगच्या वरून जाणाऱ्या वायरी धातूच्या नळीतून न्याव्यात आणि 230 व्होल्टच्या वायरीला 660 व्होल्ट दर्जाचं आवरण असावं. वायरमनने पांढऱ्या पीव्हीसी पाइपांचा भारा आणून ठेवलेला. ‘बाई, अख्ख्या फोंड्यात मी हेच घालतो.’ त्यात खोटं काही नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. खाली दिसणारा दिवा लोक दहा वेळा बदलून घेतात. वर अंधारात, उंदरांच्या वाटेवर, सांधे टेपने गुंडाळलेली वायर सुटी टाकलेली असते, तिकडे कोण बघणार? स्टीलच्या नळ्यांना मजुरी जास्त लागते, वळणं कापून जोडावी लागतात, त्यांना अर्थिंग द्यावं लागतं. शेवटी जास्तीच्या मजुरीचा आकडा ठरला आणि तो कामाला लागला. काम मात्र त्याने देखणं केलं. जोड सगळे डब्यात, डबे स्लॅबला पक्के, सिलिंगच्या पट्ट्यांनाही अर्थिंग.

दिव्यांचंही तसंच. टाइलच्या मापाचे एलईडी पॅनल पट्ट्यांवर टेकवून मोकळं होता येतं, पण प्रत्येक पॅनलला स्लॅबपासून स्वतंत्र साखळी लावून घेतली, आणि पंखे थेट स्लॅबमधल्या हुकांना लावायचा बेत होता. पंख्याची पाती आणि सिलिंग यांत 300 मिलिमीटरची फट लागते, नाहीतर पंखा नुसता फिरतो, वारा लागत नाही. आमच्या उंचीत पंखा तसा बसवला तर उंच मुलाचा हात पात्याला लागेल असं दिसलं. म्हणून छताचे पंखे रद्द करून भिंतीवरचे घेतले. तानपुरा लावताना पंख्याची घरघर नकोच असते, तेही साधलं.

टांगण्यावरून आठवलं. सासरी सावईवेऱ्याला मागे हॉलमध्ये जिप्सम सिलिंग केलं तेव्हा चवथीची माटोळी कुणाच्या ध्यानात नव्हती. नारळांची पेंड, केळ्यांचे घड, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, वर रानातलं काय काय, आणि ते सगळं टांगायची लाकडी चौकट. हे वजन गणपतीच्या बरोब्बर डोक्यावर. सासूबाईंनी सिलिंगकडे बघून पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘माटोळी खंय बांदतली?’, म्हणजे कुठे बांधणार? सुदैवाने बोर्ड चढायचे होते. मग स्लॅबमध्ये चार जाड आयबोल्ट पक्के केले, त्यांच्या कड्या बोर्डाच्या भोकांतून खाली आणल्या, आणि बोर्डाला त्यांचा स्पर्शही होणार नाही एवढी फट ठेवली. गोव्यात घरात सिलिंग करणार असाल तर देव बसतो ती जागा मिस्त्रीला आधी दाखवा. ही गोष्ट कुठल्याही संहितेत सापडायची नाही.

गाळ्यात एक स्मोक डिटेक्टर आधीपासून स्लॅबला होता. मिस्त्रीने तो तसाच ठेवून खाली टाइल्स लावत आणल्या होत्या. म्हणजे वर्गात धूर झाला तरी डिटेक्टर टाइलच्या वर निवांत. तो खाली, सिलिंगच्या पातळीला घ्यावाच लागतो. वरच्या पोकळीत आणखी एक लागेल का, हे पोकळीच्या खोलीवर ठरतं. ती 800 मिलिमीटरच्या पुढे गेली तर आतही डिटेक्टर लागतात आणि स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारी तोटी, असलेल्या इमारतीत आत स्प्रिंकलरही. आमची पोकळी त्याच्या निम्मीही नव्हती, कारण डक्टचा एसी नव्हता. मॉलमध्ये, हॉटेलात मोठे डक्ट जातात तिथे हा खर्च अंगावर येतो.

टाइल्स चढवण्याआधी प्रत्येक खणाचे फोटो काढून ठेवले: नळ्या कुठून गेल्या, डबे कुठे, फास्टनर कुठे. नकाशाबरोबर त्यांची एक प्रत मालकांना दिली. आणि सगळं झाल्यावर एसीवाला आला. त्याने दोन टाइल्स उचलल्या, तांब्याचा पाइप आणि पाण्याची नळी आमच्या नव्या कोऱ्या पट्ट्यांवर आडवी टाकली आणि टाइल्स परत बसवून बिलाचं पुस्तक काढलं. मी पुन्हा टाइल उचलायला लावली. पाइपाला स्लॅबपासून क्लॅम्प, पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार, पट्टीवर काहीही टेकलेलं नाही, एवढं झाल्यावर पैसे दिले. नळीला उतार नसेल तर पाणी टाइलवरच साठतं, आणि भिजलेली मिनरल फायबरची टाइल ओल्या पापडासारखी मधून खाली येते.

आता टाळी वाजवली की टाळीच ऐकू येते. आवाज पूर्ण मेलेला मात्र नाही, उघड्या बीमांमुळे आणि काचेमुळे थोडा घुमारा राहिलाय. गाण्याला तो लागतोच. काचेला जाड पडदा लावायचं अजून राहिलंय.

तळमजल्यावरच्या ब्युटी पार्लरवाल्या वहिनी परवा नकाशा मागायला आल्या, त्यांनाही सिलिंग करायचंय. दिला, पण सांगितलं की आकडे तसेच उतरवू नका. त्यांच्याकडे बीम आमच्यापेक्षा खोल आहे आणि मागच्या अर्ध्या भागात पोटमाळा काढलाय. तिथे सिलिंग लावलं तर केस कापणाऱ्या मुलीला वाकूनच उभं राहावं लागेल. भाची येत्या रविवारी टेप घेऊन येणार आहे.